अडलं की कुणाकडे जातात

सोम. ७ जाने. १९५७
मोठ्या साहेबांनी बोलावलं. "कुमुदबाई, डिझाइनवाले लायब्ररीत फिरकत नाहीत. अडलं की माहिती शोधतात कुठे? महिनाअखेर रिपोर्ट द्या." कारखान्यात वर्ष झालं, पुस्तकं लावण्यापलीकडचं काम पहिल्यांदाच. लगेच हो म्हटलं. परळ ते गिरगाव बसमध्ये प्रश्नच लिहीत आले.

गुरु. १०
अकरा जणांना प्रश्नावली. अकराही उत्तरं एकच: "पुस्तकांत बघतो." महिन्यात पुस्तकं गेली तीन! खोटं बोलत नसावेत. आपण कसं शोधतो ते त्यांनाच आठवत नाही. शेजारी बसून बघायला हवं.

मंगळ. १५
डिझाइनमधल्या प्रधानांच्या टेबलापाशी स्टूल टाकलं. तासभर अवघडले, मग विसरले. पंपाच्या बेअरिंगपाशी अडले. कॅटलॉग, जुनं ड्रॉइंग, मग थेट खाली वर्कशॉपात. मी मागे. घड्याळ बघून सगळं टिपलं. जमतंय!

सोम. २१
चार जण झाले. चौघेही शेवटी सावंतमामांकडे. फिटर, मालवणचे, तीस वर्षं इथे. "ह्या माप चलाचा नाय. मागच्या खेपेक हयच तडाकला." प्रधानांनी तडा जातो तिथली रेघ खोडली.
लालबागला संयुक्त महाराष्ट्राची सभा. अर्धं ऑफिस तिकडे. मी नोंदी जुळवत बसले.

मंगळ. २९
टायपिस्ट सांगत होती, छाटणीच्या यादीत सावंतमामा. ते काय करतात हे वर कुणाला माहीत तरी आहे? रिपोर्टात नावानिशी लिहिलं.

गुरु. ३१
मामांना सांगितलं. वाटलं, खूश होतील.
"माझा नाव कागदार कित्याक घातलंस गो? सायब म्हणतलो, मी पोरांचो वेळ खातंय."
हे सुचलंच नव्हतं मला. सगळ्या नोंदी वाचून दाखवल्या. बेअरिंगचं पान परत वाचायला लावलं. मग, "बेअरिंगचा बरोबर लिवलंस. ऱ्हवांदे नाव."

शुक्र. १ फेब्रु.
साहेबांनी रिपोर्ट समोरच वाचला. "लायब्ररीवर एक पान आणि फिटरवर नऊ?"
"दिसलं ते लिहिलं, साहेब."
"नाव काढा. 'अनुभवी कामगार' लिहा."
"त्या नावाने त्यांना कुणी शोधत नाही." नाही काढणार म्हटलं.
साहेबांनी फोन उचलला. "सावंतला वर पाठवा. छाटणीची यादीपण आणा."
मामा हात पुसत जिना चढले. मला बाहेर थांबायला सांगितलंय. सुटीचा भोंगा होऊन गेला. बाकावर बसून लिहितेय. आतून मामांचाच आवाज येतोय, काहीतरी समजावून सांगताहेत. साहेब मधूनमधून विचारताहेत, अगदी प्रधान विचारतात तसे.