गाळलेला ‘व्ही’

चि. भाचीबाईंस,

मामाचे अनेक आशीर्वाद. तुझा खोकला गेला का ते कळव. माझी तब्येत उत्तम आहे (गुडघा सोडून, पण त्याला मी तब्येतीत धरत नाही). रविवारी कॅमेऱ्यावर मी का दिसलो नाही, याचा खुलासा फोनवर ‘नेट गेलंय’ एवढाच केला होता. सविस्तर असं.

तू जाताना मांडून दिलेला संगणक ‘जागा संपली’ म्हणून रोज कुरकुर करू लागला. शोधल्यावर कळलं, की यंत्राचा एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात (मला आधी लष्करातला वाटला). नवा आला तरी जुने मुक्काम हलवत नाहीत. चालू असलेला सोडून बाकीचे काढणारी एक लांबलचक आज्ञा कुणीतरी इंटरनेटवर लिहून ठेवली होती. तिचा अर्थ समजून घ्यावा, हे काही मला सुचलं नाही. पण जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस मी. ओळीच्या मधोमध एक आडवी रेघ आणि एकटाच ‘व्ही’ लोंबकळताना दिसला. छपाईची चूक समजून गाळला (जरा अभिमानही वाटला). यंत्राने विचारलं, चालू गाभा काढला जातोय, थांबवू का? मी म्हटलं, नको.

पुन्हा सुरू केल्यावर ना इंटरनेट, ना कॅमेरा. रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून संगणकासमोर बसून होतो. तुझा फोन आला, पण फोनवर तू लवकर ‘बरं, ठेवते’ म्हणतेस. शर्ट मग तसाच घडी करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या निवृत्त नर्सबाई आपलं चुकून इकडे आलेलं पार्सल न्यायला आल्या. माझा चेहरा पाहून बसल्याच. सगळं ऐकून म्हणाल्या, “एकेक शब्द वाचू. काय करतो ते कळल्याशिवाय बोट लावायचं नाही.” त्यांच्या फोनवर शोधत आम्ही ‘व्ही’पाशी आलो. त्याचा अर्थ ‘सोडून’. तोच मी गाळला होता, त्यामुळे नेमका चालता गाभा गेला आणि ज्या जुन्यांना हाकलायला निघालो होतो, त्यांच्यातल्याच एकाच्या जिवावर यंत्र कसंबसं उभं होतं. नर्सबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. या खोलीत कुणी हसलेलं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं (एकटा असताना मी फारसा हसत नाही).

त्यांचा फोन जोडून, त्याच्या इंटरनेटवरून नवा गाभा परत बसवला. एंटर दाबण्याआधी दोघांनी ओळ मोठ्याने वाचली. सगळं सुरळीत झालं आणि त्या पार्सल घेऊन गेल्या. मी दोन कप विसळले.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा,
मामा

ता. क. : जुने गाभे अजून तिथेच आहेत. ते काढायची आज्ञा आता मला अर्थासकट पाठ आहे. अजून चालवलेली नाही.

ता. क. २ : नर्सबाईंचा नंबर मागे लिहिला आहे. मामाला ती आज्ञा एकट्याने चालवू देऊ नका, एवढं त्यांना तुझ्याकडून सांग. मी सांगितलं असं म्हणू नकोस.