हसण्यावारी

प्रिय जैनब,

तू खराडीला राहायला गेलीस तेव्हापासून आपलं बोलणं फोनवरच होतं, आणि फोनवर तू बोलायला लागलीस की मी ऐकतच राहतो. जे सांगायचं ते राहून जातं. म्हणून पत्र लिहायला बसलो. प्रेसमध्ये मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कागदावर मला जरा धीर येतो.

इकडे सगळं ठीक. अम्मीच्या गुडघ्याला तेलाने थोडा आराम आहे. शेजारच्या अय्युबने गॅरेजला नवं शटर बसवलं, ते उघडताना अख्खी गल्ली जागी होते.

गेल्या महिन्यात तू विचारलंस, ‘अब्बा, लोकांना नक्की हवंय तरी काय?’ तुमच्या साहेबांनी आकडे समोर ठेवले होते, श्रोते निम्म्यावर आले म्हणून. तुझा आवाज रडवेला होता. मी म्हटलं, गल्लीत विचारून सांगतो. विचारलं. पण सांगितलं नाही. आज सांगतो.

रेडिओवर तुझा ‘तुमचं काय?’ हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हाच्या सकाळी मला आठवतात. तुम्हा खासगी रेडिओवाल्यांना बातम्या द्यायची मुभा नाही, म्हणून तू नुसते लोकांचे फोन घ्यायचीस. कुणाकडे पाणी नाही, कुठे बस थांबत नाही, कुठे कचरा पडून आहे. तू मध्ये बोलायची नाहीस. माणूस अडखळला तर थांबायचीस. आणि दुसऱ्या दिवशी सांगायचीस, कालच्या आजोबांच्या बसचं मी विचारलं, अमुक साहेब असं म्हणाले. बस यायचीच असं नाही. पण आपलं कुणी कान देऊन ऐकलं, एवढ्यावर माणूस खूश असतो. अय्युबच्या गॅरेजात, न्हाव्याकडे, सगळीकडे तूच. वाघोलीहून पालेभाजी घेऊन येणारा मच्छिंद्र हातगाडीला रेडिओ बांधायचा. अम्मी त्याच्याकडे मेथी घेताना तुझं नाव काढायची नाही, पण पोरगी कुणाची हे त्याला माहीत असावं असं तिला फार वाटायचं.

मग बायडाबाईंचा फोन आला. तुला नाव आठवणार नाही कदाचित, वाक्य आठवेल. वस्तीवर चार दिवस टँकर नव्हता. त्या म्हणाल्या, “येतो म्हंत्यात, पर येत न्हाय. आमी काय थुका गिळून ऱ्हायाचं व्हय?” आणि तू ते वाक्य त्यांच्याच हेलात म्हणून दाखवलंस, हसलीस. मागून कुणीतरी हसण्याचा आवाज लावला. त्या पुढे काही सांगत होत्या, तेवढ्यात गाणं सुरू झालं.

पुढचं तुला माहीत आहे. ते वाक्य फोनाफोनांतून फिरलं. श्रोते दुपटीने वाढले, तुझा पगार वाढला, कार्यक्रम सुरू होताना रोज तेच वाक्य वाजायला लागलं. मग फोन करायला लागले ते हसवायला येणारे, मुद्दाम गावरान बोलणारे कॉलेजातले पोरगे. ज्यांच्या नळाला पाणी नव्हतं ते गप्प झाले. हसणाऱ्यांना काय, उद्या दुसरीकडे जास्त हसू आलं की तिकडे जातात. गेले.

मी मच्छिंद्रला विचारलं, हल्ली रेडिओ का नाही लावत? तो मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत राहिला. मग म्हणाला, “चाचा, ती टँकरवाली बाई आमच्या वस्तीची हाय.” एवढंच. पुढे त्याने सुटे पैसे परत दिले आणि गाडी ढकलली.

हे मी अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, आपण त्यांच्याकडे जाऊ. मी म्हटलं, कशाला? तिने बेकरीतून नानकटाई आणली आणि बुरखा घातला. गुडघा दुखत असताना बसमध्ये वाघोलीपर्यंत उभी होती.

बायडाबाई पत्र्याच्या खोलीत राहतात. अवतीभोवती उंच इमारती. आम्ही कोण ते कळायच्या आधीच त्यांनी कोरा चहा टाकला होता. अम्मीने तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, “रेडिओवर हसली ती माझी मुलगी आहे. मी माफी मागायला आली.” बाईंनी कप आमच्यापुढे सरकवले. मग म्हणाल्या, “लेकरू हसलं, त्यात काय एवढं. पर माझा नातू कालिजात जातो. पोरं त्याला त्याच वाक्यानं हाका मारत्यात. आता त्यो म्हंतो, आज्जी, चार लोकांत तोंड उघडू नगंस.” टँकर आला की आता सून बोलते. त्या हंडा धरून नुसत्या उभ्या राहतात. वस्तीचं पाणी भांडून आणणारी बाई होती ती, जैनब.

नानकटाई त्यांनी ठेवून घेतली. निघताना अम्मीचा हात धरून दारापर्यंत आल्या.

तू चौथीत होतीस तेव्हा शाळेतून रडत आली होतीस. ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणालीस म्हणून वर्ग हसला होता, बाईसुद्धा. तू चार दिवस वर्गात बोलली नव्हतीस. मग आपण रोज संध्याकाळी गच्चीवर ‘ळ’ आणि ‘ण’ घोकायचो. तुझा उच्चार इतका स्वच्छ झाला की पुढे लोक कौतुकाने म्हणायचे, ‘तुमची मुलगी बोलताना मुसलमान वाटतच नाही हो.’ मी तेही हसण्यावारी नेलं. अम्मी नाही नेऊ शकली. तिच्या तोंडी अजून ‘ळ’ येत नाही.

आणि आणखी एक. अम्मी रेडिओ ऐकत नाही त्याचं कारण मी तुला सांगितलं होतं की रेडिओ बिघडलाय. तो बिघडलेला नाही. बायडाबाईंचा फोन आला त्या सकाळी ती भाकरी थापत होती. पिठाच्या हातानेच तिने बटण बंद केलं आणि मला म्हणाली, “कल मैं फोन लगाई तो?” त्यानंतर तिने तो लावला नाही. तुमच्या साहेबांच्या आकड्यांत तो पहिला गेलेला श्रोता सापडणार नाही. तुला हे सांगायचं नाही, असं तिने मला बजावलंय.

तरी लिहितोय, कारण परवा तू खुशीत म्हणालीस की कार्यक्रमाच्या वाढदिवसाला त्या आजींना शोधून काढणार, स्टुडिओत आणून तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावणार, म्हणजे लोक परत येतील. नंबर मिळालाय म्हणालीस. बेटा, तो फोन लावू नकोस. त्या नाही म्हणणार नाहीत, उलट नवं लुगडं नेसून येतील, आणि घरी नातू त्यांच्याशी बोलायचा बंद होईल. साहेबांना काय सांगायचं ते तू ठरव. कार्यक्रम राहील की जाईल, मला ठाऊक नाही. रविवारी सकाळी तू आधी इकडे ये. तुझ्या या बेताचं अम्मीला मी काही सांगितलेलं नाही, तूच सांग. मग तुम्ही दोघी वाघोलीला जा. त्या दिवशी गाणं लागलं तेव्हा बायडाबाईंचं सांगायचं राहून गेलं होतं, ते पुरतं ऐकून घे. माइक नेऊ नकोस.

वाट बघणारा, तुझाच
अब्बा