तू घेऊन दिलेल्या लॅपटॉपचा प्रोसेसर

आई, तू मला घेऊन दिलेला लॅपटॉप मी उघडला. दुकानात टाकून नाही, घरीच, मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून. खालच्या झाकणाचे अकरा स्क्रू निघाले. ते हरवू नयेत म्हणून तुझ्या जावयानं एका कागदावर लॅपटॉपची आकृती काढली आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथे तो चिकटपट्टीनं डकवला. आतला पंखा धुळीनं इतका भरला होता, की गादीतून निघालेल्या कापसासारखा थर चिमटीनं उचलावा लागला. तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि लॅपटॉप त्याच्याही आधीचा, म्हणजे तुझ्या हयातीतली थोडी धूळ त्यात असणारच. हे मी त्याला बोलले नाही. तो हसला असता.

लॅपटॉप घेतला तो दिवस मला लख्ख आठवतो. तू नुकतीच रिटायर झाली होतीस, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये अर्धं सामान बांधून पडलं होतं, आणि तू म्हणालीस, चल, आधी नेहरू प्लेसला जाऊन येऊ. माझी मुलगी तेव्हा वर्षाचीही नव्हती. मला घरून ड्रॉइंगची कामं करता यावीत, असं तुझ्या मनात होतं. तिथल्या कॉम्प्युटर बाजारात दुकानदार एकेक चपटा, चकचकीत लॅपटॉप पुढे ठेवत होता आणि तू एकच विचारत होतीस, "भैया, ये खुलता है?" तो वैतागून म्हणाला, "माताजी, खोलना क्यों है?" तू म्हणालीस, "बिगडेगा तब?" ऑफिसातला टाइपरायटर तू स्वतः ब्रशनं साफ करायचीस, रिबन बदलायचीस, अडकलेली अक्षरं सोडवायचीस. जी वस्तू उघडत नाही ती आपली नाही, असं तुझं ठाम मत होतं. शेवटी त्यानं सगळ्यात जाडजूड, सगळ्यात जड लॅपटॉप उलटा करून दाखवला आणि तू तोच घेतलास. मला तो अजिबात आवडला नव्हता. मी तोंड वाकडं केलं होतं, तू बघितलं होतंस, आणि तरी तू पैसे मोजून दिलेस.

आता तो उघडायची वेळ का आली ते सांगते. फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. बावीस वर्षं मी गाड्यांच्या सुट्या भागांसाठी लागणाऱ्या फिक्स्चरची ड्रॉइंग काढली. फिक्स्चर म्हणजे भाग घट्ट धरून ठेवणारा साचा, हे तुला मी पूर्वी पोळ्या लाटता लाटता समजावलं होतं, पोळपाट पुढे करून. कंपनीनं डिझाइनचं खातंच दुसऱ्या शहरात हलवलं आणि आम्हा सहाजणांना एका छोट्या खोलीत बोलावून चहा पाजून सांगितलं. त्यानंतर दोन महिने कुठूनच काही नाही. मग मानेसरच्या एका लहानशा कारखान्यातून फोन आला. त्यांना घरून काम करणारं माणूस चालणार होतं. फक्त एक टेस्ट द्यायची, शनिवारी सकाळी दहा वाजता, आपापल्या मशीनवर, स्क्रीन त्यांना दिसेल अशी. काम थ्री-डीमध्ये. सॉफ्टवेअर त्यांनी पाठवलं, मी ते तुझ्या लॅपटॉपवर चढवलं, आणि ते उघडायलाच इतका वेळ लागला की मी मधे कुकर लावून आले. एक चौकोनी ठोकळा फिरवला की तो तीनदा अडखळून फिरायचा. तुझ्या जावयाचा ऑफिसचा लॅपटॉप आहे, पण त्यात बाहेरचं काही चढवू देत नाहीत. नवा घ्यायचा तर पोरीच्या कॉलेजची फी तोंडावर. हार्ड डिस्क आम्ही दोन वर्षांपूर्वीच बदललेली, रॅमही वाढवलेली. उरला प्रोसेसर.

पुन्हा नेहरू प्लेसला गेले, या वेळी एकटी, मेट्रोनं. तळघरात एक वयस्क सरदारजी जुने सुटे भाग विकतात. चष्म्यावर घड्याळजीसारखं भिंग लावून त्यांनी लॅपटॉप उलटसुलट केला आणि म्हणाले, "मॅडम, सच बोलूँ? इतने पुराने में ज्यादा पैसा मत डालो."

मी म्हटलं, "अंकल, बस एक टेस्ट निकालनी है."

"बच्चे की?"

"नहीं, मेरी."

त्यांनी भिंग वर केलं आणि माझ्याकडे जरा बघितलं. मग आवाज मऊ करून समजावलं, की हल्लीच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डावर डाखलेलाच असतो, तो निघत नाही. हा जुना आहे, म्हणून यात तो खोबणीत बसवलेला आहे, निघेल. पण याच पिढीचा घालावा लागेल, दुसरा घातला तर मशीन तो ओळखणारच नाही. फोमच्या ट्रेमधून त्यांनी नखाएवढ्या चिपा असलेले हिरवे चौकोन उचलून पाहिले आणि एक निवडला. माझ्या लॅपटॉपमध्ये दोन कोअरचा, म्हणजे दोन मेंदूंचा म्हण, होता, हा चार कोअरचा, कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या मशीनमधून काढलेला. "गरम होगा," ते म्हणाले, "फॅन साफ करना, नया पेस्ट लगाना. और पिन को हाथ मत लगाना."

आणि मी पिनेलाच हात लावला, आई. जुना प्रोसेसर पेचकसानं अर्धा वळसा देऊन सुटला, तो नीट निघाला. नवा ठेवताना तो माझ्या हातून तिरका टेकला आणि कोपऱ्यातली एक पिन वाकली. केसाएवढी पिन. मला एकदम रडूच फुटलं. तुझा जावई म्हणाला, "थांब यार, रडतेस काय," आणि त्यानं पोरीच्या शिसपेन्सिलीतलं, ती खटका दाबायची असते ना, त्यातलं शिसं काढून टाकलं आणि तिची पोकळ नळी त्या पिनेवर चढवून हळूच सरळ केली. श्वास रोखून. खिडकीतून अकरा वाजताचं ऊन टेबलावर आलं होतं. मग उष्णता ओढून घेणाऱ्या पेस्टचा तांदळाएवढा ठिपका, वर तांब्याची पट्टी, पंखा, झाकण, अकरा स्क्रू. बटण दाबलं तर पंखा फिरतो आणि पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं, काळाच. आणि मग तो सुरू झाला. तुझा जावई चक्क ओरडला. ठोकळा फिरवून बघितला, तर लोण्यासारखा फिरला. त्या दिवशी त्यानं शेजारच्या बंगाली काकूंनासुद्धा बोलावून ठोकळा फिरवून दाखवला. काकू "अच्छा, अच्छा" म्हणत राहिल्या.

शनिवारी दहाला टेस्ट सुरू झाली. पलीकडे एक मुलगी होती, इंजिनियर, असेल पंचवीस-सव्वीसची, अगदी गोड बोलणारी. चार भाग बनवायचे आणि एकमेकांत बसवायचे, चार तासांत. भाग मी बनवले. रेघा, मापं, गोलाई, यात माझा हात कुणी धरणार नाही. पण बसवायला घेतले आणि सगळं सुटत गेलं. एक क्लॅम्प, म्हणजे भाग दाबून धरणारा चिमटा, खालच्या पाटावर टेकवला की दुसरा हवेत उलटा लटकायचा. त्याला खाली आणलं की पहिला लाल व्हायचा, म्हणजे काहीतरी चुकलंय, पण काय ते मला कळेना. अर्जात मी लिहिलं होतं की थ्री-डी येतं. तीन आठवडे मोबाइलवर बघून शिकले होते, तेवढंच. मशीन अगदी छान चाललं होतं, आई. मी जे सांगेन ते क्षणात करत होतं. मलाच सांगता येत नव्हतं. मुलगी दोनदा म्हणाली, "मॅम, टेक युअर टाइम." पावणेएकला तिसऱ्यांदा सगळं लाल झालं. माझी प्रत्येक चूक तिला तिथे दिसत होती आणि ती एक अक्षर बोलत नव्हती. माझं बोट पॉवरच्या बटणावर गेलं. मी ते दाबलं आणि दाबून धरलं, पडदा काळा होईपर्यंत.

मग मोबाइलवरून तिला फोन केला. "सिस्टम बंद हो गया. पुराना है ना, गरम हो जाता है."

ती म्हणाली, "अरे! कोई बात नहीं मॅम, होता है."

तुझा जावई स्वयंपाकघरातून आला. त्यानं पोहे केले होते, हातात झारा तसाच. "काय झालं?"

"तापला. बंद पडला."

त्यानं लॅपटॉपच्या पोटाला हात लावून पाहिला. "फार गरम नाहीये गं."

"आता निवला असेल."

त्याला पटलं. आणि वाईट हे की त्यानं सगळं स्वतःवर घेतलं. म्हणाला, पेस्ट मीच जास्त लावली बहुतेक. रविवारी त्यानं सगळा लॅपटॉप पुन्हा खोलला, पेस्ट पुसली, नवी लावली, आणि दुपारभर जड जड व्हिडिओ लावून दर दहा मिनिटांनी तापमान वर्तमानपत्राच्या कडेला लिहीत बसला. तो कशाला बंद पडतोय! संध्याकाळी मला हाक मारून म्हणाला, "बघ, चार तास झाले. सुटला प्रॉब्लेम." मी म्हटलं, "वा." दुसरं काय म्हणणार होते? इतका आनंदात होता तो.

तेव्हापासून मला तुझा तो रविवार सारखा आठवतोय. तुमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले होते, मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि मी तुला आमच्या लॅबमध्ये शिकवायला नेलं. बाबा गेल्यावर त्यांच्या जागी अनुकंपेवर तू लागलीस, पाच वर्षांची मी, आणि संध्याकाळी क्लास लावून टायपिंग शिकलीस. पुढे सगळ्या सेक्शनमध्ये तुझ्याइतकं भरभर कुणी टाइप करत नव्हतं. ती तू माउस हातात घेऊन बसलीस आणि बाण वर न्यायचा तर माउसच टेबलावरून वर उचललास. तीनदा. मी म्हणाले, "आई, सोड. तुला नाही जमायचं." आजूबाजूची मुलं वळून बघायला लागली. तू "बरं" म्हणून पर्स उचललीस. बसमध्ये मूलचंदचा स्टॉप आला तेव्हा तू म्हणालीस, "नाही जमलं ते ठीक आहे. पण तू एवढ्या मोठ्यानं का बोललीस? तिथे माणसं होती." पुढच्याच महिन्यात तुला टपाल नोंदवहीत चढवायच्या सेक्शनला टाकलं, आणि तू रिटायर होईपर्यंत तिथेच रजिस्टरं भरलीस. रोज डबा घेऊन, इस्त्रीची साडी नेसून जायचीस. पहिल्या दिवशी तिथे जाऊन बसलीस तेव्हा काय केलंस, कुणाशी काय बोललीस, मी कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं तर तू नाहीस, आणि दुसऱ्या कुणाला ते माहीत असणं शक्य नाही.

खरं म्हणजे इथे संपलं असतं तरी चाललं असतं. नोकरी मिळाली नाही, मशीन जुनं होतं, लोक हळहळले असते आणि विसरले असते. पण सोमवारी त्या मुलीचा फोन आला. मी भाजी घ्यायला खाली उतरले होते. ती म्हणाली, "मॅम, मैंने सर से बात की. आपके पार्ट्स बहुत साफ थे. आप हमारे यहाँ आ जाइए, हमारे सिस्टम पर टेस्ट दे दीजिए. मशीन की प्रॉब्लेम में आपका क्या दोष?" गुरुवारपर्यंत फोन करून कळवा, म्हणाली, सहापर्यंत ऑफिस असतं. मी तिला थँक यू म्हटलं. भेंडी निवडत तिथेच उभी राहिले, भेंडीवाला म्हणाला, "दीदी, सब ताजी है, कितना छाँटोगी." किती चांगली मुलगी आहे बघ. तिच्या चांगुलपणापुढे मला कुठे तोंड लपवावं कळेना. त्यांचं मशीन तर बंद पडणार नाही. घरी फोनचं मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. सांगितलं तर हा मला स्वतः मानेसरला सोडायला येईल, रजा टाकून.

तीन दिवसांत मी पुन्हा ते चार भाग बनवून बघितले. मंगळवारी एक क्लॅम्प बसला. बुधवारी तोही बसेना.

आज गुरुवार. चार वाजता मी मोबाइल समोर ठेवून टेबलाशी बसले. हो म्हणायचं की नाही, एवढं ठरवायचं होतं. नाही म्हणायला तरी फोन करायला हवाच होता, तिनं वाट बघू नये म्हणून. हाताशी जुन्या ड्रॉइंगचे कागद होते, मागची बाजू कोरी. मनाशी म्हटलं, आधी आईला दोन ओळी लिहू, म्हणजे जरा धीर येईल, मग लावू फोन. हे आता पाचवं पान आहे. मधे दोनदा घड्याळ बघितलं होतं, तेव्हा वेळ होता. आई, आत्ता सव्वासहा वाजलेत.