तीन नंबरची वरची बाजू

४ फेब्रु., मंगळ. अहेरी.
काय झालं ते क्रमाने. नंतर स्वतःशी फिरवाफिरवी नको.
१. दिवाळीत नागपूरहून येताना तीन नमुने घरी आणले. हिमालयातले, डेव्होनियन. सुमारे सदतीस कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ. प्रत्येकावर मार्करचा बाण : वरची बाजू.
२. आईने तिन्ही तारेच्या घासणीने घासले. बाण गेले.
३. मी आठवणीने पुन्हा काढले. कोणाला बोलले नाही.
४. निष्कर्ष त्या बाणांवर. खाली वाळू, वर काळा चिखल. म्हणजे समुद्र चढला, तळाशी प्राणवायू संपला, जीव मेले. माझ्या मार्गदर्शक सरांचा लेख शुक्रवारी, १४ला छापायला जाणार. त्यात माझंही नाव.

५ फेब्रु.
आईला दिवाळीचं विचारलं. "गोट्याले वर-खाल असते का बापा? लोकाच्या पोरी नागपूरहून साड्या आणतात, तू माती आणते."
रात्री झोप नाही. एक आणि दोनबद्दल खात्री आहे. तीनबद्दल

७ फेब्रु., शुक्र.
रेहानाला फोन. फील्डवर फोटो तिनेच काढलेले. ती चंद्रपूरला, वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानात हिशेब बघत बसलेली. एक-दोनचे फोटो सापडले, बाण बरोबर. तीनचा : "अबे, तुझा बूटच आला फक्त. पण काऊन पाह्यजे आता?" म्हटलं, असंच.
असंच का म्हटलं?

८ फेब्रु.
आपल्याकडे या काळाचे खडकच नाहीत. चंद्रपूरजवळ जुन्या चुनखडीवर थेट हिमनदीचे गोटे बसलेत, मधली कोट्यवधी वर्षं गायब. तिथे कोणी उलटसुलट वाचलं, तरी त्याचा जाब मला विचारणार नाहीत. तीन नंबरचं विचारतील.

९ फेब्रु., रवि.
अंगणात तीन नंबर घेऊन बसले होते. आईने तांब्याभर पाणी ओतलं त्यावर. "कोरडा काय पाहून राह्यली?" ओल्या दगडात तीन नळ्या दिसल्या. वाळूने भरलेल्या, काळ्या थरात निमुळत्या होत गेलेल्या.
"हे तर बीळ होय. तोंड इथी, बूड तिकडं."
"तुला कसं कळलं?"
"इतके साल बांधावर खेकडे धरले, मले नाई समजन तं कोणाले समजन?"
तोंड वाळूकडे. बीळ वरून खाली जातं. म्हणजे वाळू वर, चिखल खाली. माझा बाण उलटा.
काळ्या चिखलानंतर पाणी उतरलं, आणि वाळूत कोणीतरी जिवंत होतं. लेखात आम्ही तिथे सगळं मारून टाकलंय.
की नळ्या म्हणजे नुसत्या भेगा? कापून बघायला हवं. करवत नागपूरला.

१० फेब्रु., सोम.
मेल चार वेळा लिहिली. पहिल्या तिन्हींत "आईने पुसले" होतं. काढलं. उलटा बाण तिने काढला नव्हता.
दुपारी ३.४० ला पाठवली. नक्कल :

सर, नमुना क्र. ३ वरचा बाण पुसला गेल्यावर मी तो आठवणीने पुन्हा काढला आणि तुम्हाला सांगितलं नाही. बिळांवरून तो उलटा वाटतो. दगड घेऊन बुधवारी नागपूरला येते, कापून बघू. तोवर लेख थांबवावा. थांबवणार की नाही, ते गुरुवार, १३ फेब्रुवारीपर्यंत कळवा.