आंबिलीचं रिंगण

१ डिसेंबर
नांदेडला पोचले. टपाल खात्यातली बदली, म्हणून देवणीहून तोंड वाकडं करूनच निघाले होते. पण खोली झकास मिळाली! नदी जवळ, वर गच्ची. खाली घरमालकीण कस्तुराबाई, मुलगा बसवंत, सून आणि नात वर्षाराणी. चौघं एकाच परातीत जेवतात, भांड्याला भांडं लागत नाही. कस्तुराबाईनं आधी माझा हात हुंगला, मग चावी दिली. आमच्याकडं खरबूज असं हुंगून घेतात. मला हसूच आलं.

७ डिसेंबर
या गल्लीत कुत्रं फिरकत नाही. घरचं कुणी पिंपळाच्या वळणावरून जात नाही, नदीचं तर नावच काढायचं नाही. आज खेळता खेळता वर्षाराणी माझ्या उजव्या मनगटाला चावली, रक्त आलं. मी म्हटलं, पोरच ते. कस्तुराबाई मात्र हळदीचा डबा घेऊन धावली. जखमेत हळद भरताना ती रडत होती.

१२ डिसेंबर
दुपारी वर्षाराणी झोपली होती. गोधडीबाहेर हात नव्हता, केसाळ पंजा होता. मग कस्तुराबाईनं सगळं सांगितलं. म्हणाली, आमी माणूस बी हाव, लांडगं बी हाव. आमचा माळ नांगराखाली गेला, तवा शहरात आलो. हितं पिंपळावर मुंजा, नदीत आसरा, पाण्यातल्या बाया. त्यांनी आमचे लई मारले, आता चौघंच उरलो. उंबऱ्याच्या आत त्यांना येता येत न्हाई. पण अवसेला आमाला शहराभायेरच्या माळावर जावंच लागतं, अन् दिवेलागणीला आसरा पाण्यातून वर येतात. त्याआधी घरात शिरलो तर वाचलो. तू फक्त दार उघडं ठेव, शिल्पा.

खोली सोडायचं पक्कं केलं होतं. तेवढ्यात पोरगी मांडीवर येऊन बसली. तिच्या डोक्यावरून हात फिरवलाच.

१९ डिसेंबर, सकाळ
आज येळवस! मार्गशीर्षातली अवस, देवणीला सगळे शेतात पूजेला असतील. मला रजा अर्ध्याच दिवसाची, गावी जाणं जमलं नाही. म्हणून इथंच मिसळ भाज्यांची भज्जी केली, बाजरीचे उंडे केले, ताक-ज्वारीची आंबील केली. चौघं पहाटेच गेलेत. शेत नाही तर नाही, घर तर आहे. ओलगे ओलगे असा येळवशीचा घोष करत घराभोवती आंबील शिंपडून आले. शेताभोवती शिंपडली की वाईटसाईट आत येत नाही, असं आजी सांगायची. कस्तुराबाईला तेवढाच आधार. फार बरं वाटलं. दार सताड उघडं ठेवलंय.

१९ डिसेंबर, संध्याकाळ
आले. पण बाहेरच थांबलेत. आत येता येत नाही — बसवंतनं पाय टाकला आणि भाजून मागं पडला. कस्तुराबाई ओरडतेय, पोरी, काय केलंस ग, पूस ते —

आंबील मातीत मुरलीय. बादलीभर पाणी ओतलं, तरी —

गल्लीच्या तोंडाशी ओल्या लुगड्यातल्या बाया. त्यांचे पाय हलत नाहीत, नुसत्या जवळ येताहेत.

सून गेली. बसवंतही —

कस्तुराबाईनं वर्षाराणीला उचलून धरलंय. म्हणते, ओढ तिला. पोळंल, पण जगंल. मी रिंगणाबाहेर हात काढला. माझाच हात जळाला. चावलं होतं तिथं केस —

डाव्या हातानं लिहितेय. कुणी म्हणेल, हिनं दार लावून घेतलं. दार उघडंच होतं.

कस्तुराबाईचा आवाज थांबला. पोर अजून मला हाका मारतेय. आता दोन्ही हात घालते, जळले तर जळू देत, एकदा तिचा झगा हाती —