कोऱ्या बोटांची पोर

प्रिय लिगाया,

तू म्हाताऱ्यांच्या सेवेची परीक्षा पास झाल्याचं कळलं त्या दिवशी मी शेवया रांधल्या आणि सगळ्या आळीला बोलावलं. शेजारची सेपा सगळ्यांत आधी आली आणि सगळ्यांत शेवटी गेली. जपान्यांच्या भाषेत, जपान्यांच्या पोरींबरोबर बसून आमची लिगाया पास झाली, असं ती येईल त्याला सांगत होती. तू निघालीस तेव्हा हीच म्हणाली होती, विधवा सून परदेशी गेली की सासूला विसरते, लिहून ठेव. मी तिला आठवण करून दिली नाही. दोनदा वाढून घेतलेल्या माणसाला काय बोलायचं!

फोनवर तुझं अभिनंदन केलंच, पण फोनवर मला बोलता येत नाही. मध्येच रडू येतं, मग तूही गप्प होतेस आणि तुझी पोर हिमाया आपल्या दोघींकडे पाहत बसते. म्हणून लिहिते आहे. वेळ काढून नीट वाच.

काल काजूच्या शेडमध्ये बसले होते. भिंतीवरची तुझी कोळशाची जपानी अक्षरं अजून तशीच आहेत. चुना मारायचा म्हणून माणूस आला होता, त्याला म्हटलं, ती भिंत सोडून दे. पोलिसांच्या दाखल्यासाठी आपण पुएर्तो शहरात गेलो होतो तो दिवस आठवला. तू एकेक बोट काचेवर ठेवत होतीस आणि तो साहेब पुन्हा पुन्हा पुसून बघत होता. शेवटी म्हणाला, "बाई, तुमच्या बोटांवर काहीच नाही." इतकी वर्षं काजू फोडून टरफलाच्या चिकाने तुझी कातडी जाळली होती, ठसे कुठून यायचे? ठसे नाहीत तर दाखला नाही, दाखला नाही तर व्हिसा नाही. मी त्या साहेबावर चिडले. तू मात्र हसलीस आणि म्हणालीस, "नानाय, मी चोरी केली तर कुणाला सापडणार नाही." येताना जीपमध्ये मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. तू हसतेस तेव्हा किती घाबरलेली असतेस, ते मला ठाऊक होतं.

कातडी नवी येईपर्यंत काजूला हात लावायचा नाही, असं त्या साहेबाने सांगितलं होतं. मग आळीतल्या बायकांनी तुझ्या वाटचं काम आपापसांत वाटून घेतलं. तू चोरून एखादा काजू उचललास की सेपा तुझ्या मनगटावर फटका मारायची. रिकामं बसणं तुला कधी जमलंय? त्या दिवसांत तू भिंतीवर ती अक्षरं गिरवलीस आणि कोंबड्यांना वाकून जपानीत नमस्कार करायला लागलीस. रोज संध्याकाळी मला खाटेवर आडवं करायचीस. मी धडधाकट बाई, आणि मला अर्धांग झालेली म्हातारी व्हायला सांगायचीस. अंग सैल सोडा नानाय, तुम्ही मदत करू नका, असं रागवायचीस. कुशीवर वळवताना तुझा एक हात माझ्या मानेखाली असायचा आणि तो कधी चुकून सरकला नाही. तेव्हाच मला कळलं होतं की तू पास होणार. तिथल्या म्हाताऱ्या भाग्यवान आहेत. मला त्यांचा थोडा हेवाही वाटतो, खोटं कशाला बोलू?

माझा रोदेल समुद्रातून परत आला नाही तेव्हा तू माहेरी गेली असतीस तर कुणी नाव ठेवलं नसतं. तू पोरीला घेऊन माझ्याजवळ राहिलीस. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, आज दाखवते.

तू निघालीस त्या दुपारी जीप लवकर आली आणि तू भरल्या ताटावरून उठलीस. आम्ही सगळ्यांनी लगेच आपापली ताटं फिरवली, जाणारं माणूस सुखरूप पोचावं म्हणून. सेपाने इतक्या जोरात फिरवलं की तिची मासळी माझ्या मांडीवर आली. डाग गेला नाही, पण तू पोचलीस.

आता हिमायाबद्दल. तिच्या पोटात काही राहत नाही, हे तू आई असून विसरलीस. परीक्षेनंतर मिळालेल्या नव्या परवान्यावर घरच्यांनाही नेता येतं, हे तू तिला सांगितलंस आणि लोलाला, म्हणजे मला आजीला, इतक्यात सांगू नकोस असंही बजावलंस. तेव्हापासून ती मला उगाच मिठ्या मारते आणि न सांगता भांडी घासते. काल मी सरळ विचारलं तर रडत म्हणाली, "लोला, मी गेले तर तुझ्याजवळ कोण?" घरचे म्हणजे नवरा आणि मूल, तिथल्या नियमात सासू बसत नाही, एवढं मलाही कळतं. माझ्यासाठी तू पोरीला इथेच ठेवायच्या विचारात आहेस, तेही कळलं.

तसं करू नकोस. मी हिमायाला आजवर एकही काजू फोडू दिलेला नाही. सेपा म्हणते, राजकन्या वाढवते आहेस. म्हणू दे. गेल्या महिन्यात ओळखपत्रवाले गावात आले होते. पोरीने काचेवर बोटं ठेवली आणि पहिल्याच खेपेला सगळे ठसे स्वच्छ उमटले. मी तिथेच डोळे पुसले, आणि त्या माणसाला वाटलं म्हातारीला काही झालं. तू गेलीस त्या दिवसापासून मी ती बोटं तुझ्यासाठी जपली आहेत. पासपोर्टला आईचं संमतीपत्र लागतं, एवढं मी कचेरीत विचारून आले आहे. ते पाठव, त्यासाठीच हे पत्र. जीप येईल त्या दिवशी मी जेवण मुद्दाम उशिरा वाढीन. पोर अर्ध्या ताटावरून उठू दे. ताट फिरवायला मी आहे.

तुझीच,
नानाय पानिंग