आईची लादी

मंगळवार, संध्याकाळ

मी अभ्यासतेय त्या लिशियन थडग्यांवरच्या कोरीव लेखांतला 'मिंती' हा शब्द महिनाभर छळतोय. थडग्याची देखभाल करणारी माणसं असावीत, एवढाच अंदाज. आज मात्र अर्थ ठाऊक असलेल्या शब्दापाशीच अडले.

मी मोठ्याने वाचत होते, "हृप्पी लादी." बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "कुठली लादी गं?"

"फरशी नाही, बाबा. लिशियन, तुर्कस्तानातली जुनी भाषा आहे. 'बायकोसाठी' असा अर्थ. नवऱ्याने थडगं बांधून त्यावर कोरलंय."

त्यांनी रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आपली लाल होती."

लालबागच्या खोलीतली. गिरणीतून आल्यावर थोडी थोडी करत त्यांनीच बसवलेली. दुपारी आई ती लादी पुसायची आणि तिच्यावरच आडवी व्हायची, काही न अंथरता. चाळ पाडली तेव्हा आई नव्हती. एखादा तुकडा जपावा, हे मलाही कुठे सुचलं?

"खोली भाड्याची, मग एवढी खटपट कशाला केलीत?"

"आधीची शहाबादी खरखरीत होती. तिला टोचायची."

आणि टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला.

हृप्पी लादी. बायकोसाठी. आमच्या घरीही अर्थ तोच होता, मला आज लागला.